"आपापल्या जबाबदारीवर यावे" – या ओळीचा नेमका अर्थ काय?

पायरव

मंडळी,

गेले तीन आठवडे हे लिहू की नको या घोळात होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा एक गट घेऊन डोंगरात जायचं आहे आणि त्याआधी काही गोष्टींचा उलगडा व्हायला हवा, म्हणून लिहितोय.

आमचा गट हौशी आहे. आम्ही चौघं नोकरीधंदा सांभाळून मोहिमा नेतो, मोबदला कुणी घेत नाही. मला यात बारा वर्षं झाली. मोहिमेच्या प्रत्येक संदेशाच्या तळाशी एक ओळ असते, "प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर यावे." जुन्या संदेशातून उचलून ती नव्यात चिकटवली जाते. मीही चिकटवत आलो. येणारा त्यातून काय समजतो आणि मला स्वतःला काय म्हणायचं असतं, याचा विचार कधी केला नव्हता.

तर झालं असं. अठरा जण होतो. मी पुढे, माझा सहकारी शेवटी. माथ्याच्या अलीकडे एक कातळटप्पा आहे, तिथे दोर लावला. एकेकाला चढायला चार-पाच मिनिटं लागली. अठरा गुणिले साडेचार म्हणजे ऐंशी मिनिटं. हा हिशेब घरी बसून कागदावर मांडता आला असता, मी मांडला नव्हता. माथ्यावर दीड तास उशिरा पोचलो. त्या घडीला उतरायला सुरुवात करायला हवी होती, पण सगळे खूश होते, फोटो चालले होते, मीही आणखी अर्धा तास जाऊ दिला.

उतारावर एकीचा गुडघा बोलायला लागला. जुनं दुखणं. अर्जात "काही त्रास आहे का?" या रकान्यात तिने "नाही" लिहिलं होतं. शेवटचे चार जण मागे पडत गेले आणि गट लांबलचक ताणला गेला. तेवढ्यात पुढच्या दोघांनी विचारलं, "आम्ही होतो पुढे, वाट माहीत आहे." मी मान डोलावली.

पायथ्याला पोचून मोजणी केली तर सोळा. अंधार पडून तास झालेला. ते दोघं एका फाट्यावर डावीकडची ठसठशीत वाट धरून उतरले होते. ती वाट ओढ्यात शिरते आणि ओढा पुढे कड्यावरून खाली कोसळतो. एकाच्या मोबाइलची बॅटरी संपलेली, दुसऱ्याच्या मोबाइलला रेंज नाही आणि टॉर्च म्हणजे तोच मोबाइल. रात्री साडेदहाला शिट्टीच्या आवाजावरून सापडले. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलात शिट्टी असते, तीच. आपल्या सॅकला अशी शिट्टी आहे हे त्याला त्या रात्री अंधारात चाचपडताना कळलं. दुसऱ्याचा घोटा मोडला होता. कड्यापासून ते पंधरा-वीस पावलांवर बसले होते. त्या पंधरा पावलांनी माझी झोप घालवली आहे.

नंतर गटात चर्चा झाली. काहींनी मला दोष दिला, काहींनी त्या दोघांना, काहींनी गुडघा लपवणारीला. मी त्या दिवशीचा लीडर होतो आणि मान मी डोलावली, तेव्हा माझी चूक मी मान्य केली आहे. पण चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी खुपत राहिली. सगळे जण "आपापली जबाबदारी" हेच शब्द वापरत होते आणि प्रत्येक जण ते दुसऱ्याच्या गळ्यात घालत होता.

२००२ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गिर्यारोहणावरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत एक जाहीरनामा तयार झाला, टायरॉल जाहीरनामा म्हणतात त्याला. त्यातलं पहिलंच कलम वैयक्तिक जबाबदारीचं आहे. डोंगरात अपघात होऊ शकतो, बाहेरची मदत मिळेलच असं नाही, हे गृहीत धरून माणसाने आपल्या सुरक्षेची जबाबदारी आपण घ्यायची. पण त्याच कलमात हेही येतं की आपल्या वागण्याने बरोबरच्यांना धोका होता कामा नये. आणि लगेच पुढचं कलम संघभावनेचं, सगळ्यांच्या इच्छा आणि कुवती यांचा मेळ घालण्यासाठी तडजोडीची तयारी ठेवण्याचं. आमच्या संदेशात त्यातला पहिला अर्धाच उतरला आहे.

दोर लागणार आहे, उतरताना अंधार होऊ शकतो, खाली एक फसवा फाटा आहे, हे मी कुणालाच आधी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टी सांगितल्याच नाहीत त्यांची जबाबदारी कुणी कशी घेणार? आणि गुडघ्याचं मला कुणी सांगितलं नाही, तर मी वेग कसा ठरवणार?

तुम्ही कसं करता? नेणारे आणि जाणारे, दोघांकडूनही ऐकायचं आहे.

कातळपुत्र

घोटा मोडला तेवढ्यावर निभावलं, बरं झालं. आता मोकळेपणाने लिहितो.

तुम्ही स्वतःवर फार ओढवून घेताय. ते दोघं सज्ञान होते. वाट माहीत आहे असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. माहीत नव्हती, मग खोटं बोलले किंवा स्वतःबद्दल गैरसमज होता. यात लीडर काय करणार? अठरा जणांचे हात धरून उतरवणार?

मी तीस वर्षं चढतोय. आम्ही शिकलो तेव्हा लीडर म्हणजे ज्याला वाट जास्त ठाऊक तो, एवढंच. सॅकमध्ये काय आहे, पाणी किती आहे, पाय किती चालतात, हे ज्याचं त्याने बघायचं. आता लोक दुचाकीवरून मागच्या सीटवर बसून आल्यासारखे डोंगरात येतात. माझ्या ओळखीच्या तिघांनी गट नेणं सोडलं, कारण काही झालं की बोट यांच्याकडे. असंच चालू राहिलं तर फुकट नेणारं कुणी उरणार नाही आणि नवीन पोरं मोबाइलवरचा ट्रॅक बघून एकटी जातील. ते जास्त वाईट.

रानझरा

कातळपुत्र यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. स्वयंसेवक टिकले पाहिजेत.

आडवाट

कातळपुत्र, मान राखून असहमत. "वाट माहीत आहे" याचा अर्थ बहुतेक वेळा "मी या वाटेने एकदा कुणाच्या तरी मागून चढलो आहे" इतकाच असतो. मागून चालणाऱ्याला पुढच्याची सॅक दिसते, फाटे दिसत नाहीत. शिवाय चढताना जो फाटा लक्षातही येत नाही, तो उतरताना समोर उभा ठाकतो, कारण दोन वाटा चढाला एकत्र येतात आणि उताराला फुटतात. म्हणून गट नेणाऱ्याने चढतानाच फाट्यावर थांबून सगळ्यांना मागे वळून बघायला लावावं. "परत येताना हे असं दिसेल, उजवीकडे जायचं." याला एक मिनिट लागतं.

आमच्याकडे पुढे जाण्याबद्दल एकच पद्धत आहे. ज्याला पुढे जायचं आहे त्याने जावं, पण मग तो गटातून बाहेर पडला. हे त्याने लीडरला आणि शेवटच्या गड्याला, दोघांनाही तोंडी सांगायचं. किमान तिघं हवेत, टॉर्च आणि नकाशा हवा, आणि खाली पोचल्यावर कुणाला कळवणार ते ठरलेलं हवं. हे ऐकल्यावर निम्मे लोक म्हणतात, "राहू दे, थांबतो."

आणि मोजणी पायथ्याला करून उपयोग नाही. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक अवघड टप्प्याच्या आधी आणि नंतर करायची. आकडे नुसते ओरडण्यापेक्षा जोड्या लावाव्यात. अठरा जणांत दोन कमी आहेत हे लीडरला उशिरा कळतं, आपला जोडीदार दिसत नाही हे जोडीदाराला लगेच कळतं.

वेळेचा हिशेब तुम्ही काढलाच आहे, त्यात थोडी भर. नेस्मिथचा ठोकताळा १८९२ चा आहे, तरी आजही उपयोगी पडतो. सपाटीच्या दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. समजा १२ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ. म्हणजे २ तास २४ मिनिटं अधिक दीड तास, चार तास धरा. हा धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा वेळ झाला. मोठ्या गटाला मी त्याच्या दीडपट धरतो आणि दोराचे टप्पे वेगळे मोजतो. मग सूर्यास्तातून मागे येत येत परत फिरण्याची वेळ काढायची आणि ती निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगायची. लीडरच्या एकट्याच्या मनात ठेवलेली वेळ पाळली जात नाही. माथा अर्ध्या तासावर दिसत असताना सतरा जणांच्या चेहऱ्यांकडे बघून परत फिरा म्हणणं फार जड जातं. पण तीच वेळ सकाळी सगळ्यांनी ऐकलेली असेल तर कुणी तरी दुसराच म्हणतो, "अरे, दोन वाजले की."

पायरव

आडवाट, मागे वळून बघायला लावण्याचं मी याआधी कधी केलेलं नाही. बारा वर्षांत सुचलं नाही. आभार.

गट ताणला गेला तेव्हा मी पुढेच का राहिलो, हाही प्रश्न मला पडतो. मागचे दिसेनासे झाले तेव्हाच सगळ्यांना थांबवायला हवं होतं.

वैद्यगिरी

मी डॉक्टर आहे आणि गटांबरोबर सहभागी म्हणूनच जाते. वैद्यकीय बाजूबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्जातल्या त्या एका रकान्यावर सगळे विसंबून असतात आणि तो रकाना फारसा कामाचा नसतो.

"काही त्रास आहे का?" या प्रश्नाचं उत्तर माणसं "नाही" देतात, आणि खोटं बोलतात असंही नाही. ज्याचा दमा गोळ्यांनी आटोक्यात आहे त्याला आपल्याला दमा आहे असं वाटत नाही. गुडघा सपाटीवर दुखत नाही, म्हणून तो बरा. पण उतारावर मांडीचे स्नायू लांबत लांबत भार झेलतात आणि पूर्ण वजन प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आदळतं, त्यामुळे घरी गप्प असलेलं दुखणं तिथेच डोकं वर काढतं. म्हणून प्रश्न नेमके विचारा. गेल्या महिन्याभरात सलग किती तास चाललात? चार मजले न थांबता चढलात तर काय होतं? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? कुठली औषधं चालू आहेत आणि ती सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहेत? मधमाशी चावल्यावर कधी अंगभर सूज किंवा श्वासाचा त्रास झाला होता का?

कप्प्याचा प्रश्न मुद्दाम लिहिला. इनहेलर आहे एवढं कळून भागत नाही. ज्याला धाप लागली आहे तो बोलू शकत नाही. शेजारच्याने तो तीस सेकंदांत काढून हातात दिला पाहिजे.

लीडरने निदान करू नये. पण चार-पाच खुणा प्रत्येक सहभागीला माहीत असाव्यात, कारण बिघडलेल्या माणसाला स्वतःला त्या कळत नाहीत. थंडी-वाऱ्यात भिजलेला माणूस अडखळायला लागला, शब्द जड झाले, हातातून वस्तू पडायला लागल्या, विनाकारण चिडचिड करू लागला, तर तो दमलाय असं समजून पुढे चालू नका. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली चाललंय असं धरून चला. वाऱ्याआड न्या, ओलं काढा, कोरडं घाला, जमिनीपासून अंग वेगळं करा. बर्फ लागत नाही याला. पाऊस आणि वारा पुरे.

उन्हात उलट. चालता चालता माणूस गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. चालून झालेल्या उष्माघातात घाम असू शकतो. आधी जागेवर थंड करा, पाणी ओता, वारा घाला, सावली करा, आणि मग उतरवा. उचलून पायथ्याकडे पळण्याच्या घाईत मोलाचा वेळ जातो. आणि तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसण्यानेही रक्तातलं सोडियम घसरून माणूस गोंधळू शकतो, तेव्हा "पाणी पी, पाणी पी" हा सरसकट सल्ला नको.

उंचीबद्दल एकच. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. तब्येत कमावलेली असली म्हणून उंची लागत नाही, असं नसतं. उलट दणकट माणूस वेगाने वर जातो आणि डोकेदुखी लपवतो.

सावळी

वाचून राहवलं नाही. मी ती नव्हे, पण अशीच एक मीही आहे.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटाबरोबर गेले होते. माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. अर्जात लिहिलं नाही. का, ते सांगते. त्याआधी एका मोहिमेला खरं लिहिलं होतं, तर "यावेळी नको, पुढच्या सोप्या मोहिमेला सांगू" असं उत्तर आलं. पुढचं बोलावणं आलंच नाही. गटातल्या इतरांना मात्र येत राहिलं. मग मी लपवायला शिकले.

त्या दिवशी उतारावर दुखायला लागलं तेव्हा दोन तास बोलले नाही. सगळे थांबतील, माझ्यामुळे उशीर होईल, या लाजेने दात-ओठ खात उतरले. शेवटी एका ठिकाणी पाय मुडपला आणि मी बसकण मारली. मागचा माणूस माझ्यावर आदळून घसरला. त्याला लागलं नाही. पण लागलं असतं तर ते माझ्या गप्प बसण्यामुळे लागलं असतं. हे मला आजवर कुणाला सांगवलं नव्हतं.

जबाबदारी माझी होती, हे शंभर टक्के मान्य. फक्त नेणाऱ्यांनी हेही बघावं की खरं सांगणाऱ्याचं तुमच्याकडे पुढे काय होतं.

वैद्यगिरी

सावळी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी एवढे प्रश्न सुचवले, पण खरं उत्तर दिल्यावर माणूस गाळला जाणार असेल तर त्यातला एकही प्रश्न कामाचा नाही.

कातळपुत्र

सावळी यांचं वाचून थांबलो. मीही अनेकांना "पुढच्या वेळी बघू" म्हटलं आहे आणि पुढच्या वेळी फोन केलेला नाही.

तरीही माझा मूळ मुद्दा सोडत नाही. शिट्टी कुठे आहे हे माहीत नसणारा माणूस डोंगरात आला, ती त्याचीच चूक. संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन. टॉर्चनेही असंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्समध्ये हे चालत आलं आहे. हे शिकायला लीडर लागत नाही.

आडवाट

शिट्टीबद्दल सहमत. पण सकाळी निघताना पाच मिनिटं थांबून सगळ्यांना आपली शिट्टी वाजवून दाखवायला सांगितली, हेडटॉर्च पेटवून दाखवायला सांगितलं, तर त्याच दोघांच्या बाबतीत रात्र वेगळी गेली असती. अमेरिकेतल्या सिॲटलचा माउंटेनियर्स हा क्लब १९०६ पासून आहे आणि त्याच्या मोहिमा मुख्यतः स्वयंसेवकच नेतात. प्रत्येकाजवळ असायलाच हव्यात अशा दहा गोष्टींची यादी त्यांनी १९३० च्या दशकात केली. दिशा, उजेड, जादा कपडे, प्रथमोपचार अशी. यादी वैयक्तिक आहे, दहा वस्तू गटात मिळून नव्हे तर प्रत्येकाच्या पाठीवर. आपल्याकडे "टॉर्च कुणाकडे आहे ना?" असं विचारलं जातं, तिथेच गडबड आहे.

आणखी एक. बर्फाळ डोंगरातल्या हिमस्खलनांच्या अपघातांचा इयान मॅकॅमन यांनी अभ्यास केला होता, ७१५ अपघातांचा, २००४ मध्ये तो मांडला गेला. धोक्याच्या खुणा डोळ्यांसमोर असताना माणसं का पुढे गेली, हे त्यांनी शोधलं. त्यातलं एक कारण म्हणजे गटात कुणी तरी जाणता आहे, या भरवशावर बाकीच्यांनी स्वतः बघणं सोडणं. मग तो जाणता खरंच जाणता आहे, की फक्त वयाने मोठा किंवा बोलण्यात ठाम, हे कुणी तपासत नाही. आपल्या गटांत हे सर्रास चालतं. बारा वर्षं नेणाऱ्याला "वेळ झाली, फिरायला हवं" असं कुणी म्हणालं का त्या दिवशी?

पायरव

नाही. नंतर तिघांनी सांगितलं की त्यांच्या मनात आलं होतं.

साक्षेप

मी वकिली करतो. कायदा देशागणिक बदलतो, तेव्हा हा सल्ला समजू नये, पण काही गोष्टींचा कल स्पष्ट आहे.

धोका स्वीकारला असं म्हणायला तो धोका माहीत असावा लागतो, हे जुनं तत्त्व आहे. "डोंगरात धोका असतो" या मोघम वाक्याखालच्या सहीला म्हणूनच फारसं बळ नसतं. "वाटेत वीस फुटांचा कातळटप्पा आहे, दोर लावू, पडल्यास दुखापत होऊ शकते, उतरताना अंधार होण्याची शक्यता आहे" हे सांगून घेतलेल्या होकाराला अर्थ असतो. म्हणजे पायरव यांना जे नैतिकदृष्ट्या खुपतंय, कायदाही साधारण तेच विचारतो.

दुसऱ्या बाजूने, डोळ्यांसमोरचा धोका सज्ञान माणसाने स्वतःहून पत्करला तर न्यायालयं सहसा दुसऱ्याला जबाबदार धरत नाहीत. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय होतं, २००३ मध्ये एका तरुणाचा दावा फेटाळला. त्याने मनाई असताना तलावाच्या उथळ पाण्यात सूर मारला आणि मान मोडून घेतली होती. काही मोजक्या लोकांच्या बेफिकिरीसाठी बाकीच्यांचं मोकळेपण काढून घेऊ नये, असा त्या निकालाचा सूर होता. कातळपुत्र यांना हा निकाल आवडेल. आणि अमेरिकेत १९९७ चा एक कायदा आहे, ना-नफा संस्थेच्या विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकाला साध्या चुकीसाठी तो संरक्षण देतो. ढळढळीत निष्काळजीपणाला मात्र देत नाही, आणि संस्थेला तर त्या कायद्याने अभय मिळतच नाही.

अल्पवयीन मुलांना यातलं काहीच लागू करू नका. त्यांचा होकार हा होकार नसतो.

आडवाट

मुलांचा विषय निघालाच आहे तर केर्नगॉर्मचं सांगायला हवं. स्कॉटलंडमधलं पठार, नोव्हेंबर १९७१. एडिंबरातल्या शाळेची मुलं दोन गटांत विभागून निघाली. ताकदीचा गट पठारावरच्या छोट्या निवाऱ्यापर्यंत पोचला. दुसरा, सहा विद्यार्थी आणि दोन नेत्यांचा, हिमवादळात पोचू शकला नाही आणि दोन रात्री उघड्यावर राहिला. पाच विद्यार्थी आणि सहायक नेती गेल्या. मुख्य नेती आणि एक विद्यार्थी वाचले. पुढे पठारावरचे तसे निवारे काढून टाकण्यात आले. वादळात दिसतही नाही अशा उंचावरच्या जागेवर आशा ठेवून चालणं हीच गफलत, असं मानणारे बरेच होते.

मी हे वाचतो तेव्हा दरवेळी एकाच गोष्टीवर अडतो. अडचणीत निघायचा रस्ता खाली जाणारा असावा. आपण मोहिमा आखतो तेव्हा "काही झालं तर" याचं उत्तर पुष्कळदा पुढे कुठे तरी असतं. पुढची गुहा, पुढचं गाव. ते मागे किंवा खाली असायला हवं.

उंबरठा

मी डोंगरात जात नाही. माझा मुलगा जातो. तुमच्या सगळ्या चर्चेत घरी बसलेल्यांचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते.

मुलगा संध्याकाळी सातपर्यंत येतो म्हणून जातो. सात वाजता फोन लागत नाही. आठ, नऊ. मी कुणाला विचारू? लीडरचं नाव माहीत नाही, नंबर नाही, कुठल्या वाटेने गेले ते माहीत नाही. लवकर गवगवा केला तर मुलगा चिडतो, उशीर केला तर... किती वाजेपर्यंत काळजी करायची नाही आणि किती वाजता कुणाला कळवायचं, एवढं कागदावर लिहून द्या. आम्ही तेवढंच धरून बसू.

पायरव

उंबरठा ताई, त्या रात्री दोघांच्या घरी मी साडेनऊला फोन केला. त्यातल्या एका आईने विचारलं, "मग इतका वेळ तुम्ही काय करत होतात?" मला उत्तर देता आलं नाही.

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. कातळपुत्र, तुमची काळजी मला पटते. कागदं वाढवून स्वयंसेवक पळवायचे नाहीत. म्हणून ती ओळ काढून तिच्या जागी पुढच्या मोहिमेसाठी हे लिहिलं आहे. चुका सांगा.

"वाट १२ किलोमीटर, चढ ९०० मीटर. माथ्याखाली एक कातळटप्पा, सुमारे वीस फूट, दोर लावू. उजव्या हाताला खोल दरी आहे, दृष्टिभय (खोल दरीकडे बघून वाटणारी भीती) असेल तर आधी सांगा, त्याच्या अलीकडे थांबायला चांगली सपाटी आहे आणि तुमच्याबरोबर आमच्यातला एक जण थांबेल. जास्तीत जास्त बारा जण. दुपारी एक वाजता जिथे असू तिथून परत. ही वेळ पाळायला लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पहिल्यांदा आलेल्यालासुद्धा. आम्ही वाट, वेळ, दोर आणि मोजणी बघू. तुमचे पाय, पाणी, कपडे, औषधं, हेडटॉर्च आणि शिट्टी तुम्ही बघा, निघताना दाखवा. पुढे जायचं असेल तर आडवाटेच्या नियमाने. दुखणं किंवा शंका असेल तर मला थेट फोन करा. ही वाट तुम्हाला झेपणारी नसेल तर झेपेल अशी वाट आणि तारीख त्याच फोनवर ठरवू. घरी हा संदेश पाठवून ठेवा. रात्री आठपर्यंत आमचा निरोप आला नाही तर खालच्या दोन क्रमांकांवर फोन करा. हे दोघं डोंगरात नसतील, त्यांच्याकडे वाटेचा नकाशा आणि सगळ्यांची नावं असतील."

आडवाट

"आडवाटेचा नियम" असं लिहू नका, नवीन माणसाला कळणार नाही. पूर्ण लिहा. बाकी चांगलं आहे.

वैद्यगिरी

दोन क्रमांकांपैकी एक माझा घाला. त्या दिवशी मी घरी आहे.

कातळपुत्र

बारा जणांत शेवटचा गडी कोण आहे? ठरला नसेल तर मी येतो. मागे राहीन.

सावळी

माझं नाव लिहा. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पाच वर्षांपूर्वी झाली आहे. चढाला अडचण नाही, उताराला इतरांपेक्षा हळू असते, दोन काठ्या वापरते. गेल्या महिन्यात सलग सहा तास चालले आहे. गोळ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात, निळ्या डबीत. कातळपुत्र यांच्या पुढे चालेन.